बाळ येणाऱ्या घरातला कॅमेरा

गरोदर बाईची तसवीर म्हटली की आज एकच चौकट समोर येते. खिडकीतला मऊ उजेड, पायघोळ झगा, पोटावर ठेवलेले दोन हात आणि जमल्यास मागे उभा नवरा. ऑगस्ट १९९१ मध्ये 'व्हॅनिटी फेअर' मासिकाने ॲनी लीबोविट्झ यांनी टिपलेली गरोदर डेमी मूर मुखपृष्ठावर छापली. तेव्हापासून या चौकटीला मागणी वाढली. आता छायाचित्रकार घरी येतो, चादर बदलतो, कोपऱ्यातले डबे हलवतो, कपड्यांची दोरी सोडवतो. घरी येऊन घरच बाजूला सारायचे, तर यायचे कशाला?

म्हणून आम्हांला एका जुन्या चित्रमालेविषयी लिहावेसे वाटते. 'लाइफ' साप्ताहिकाच्या ३ डिसेंबर १९५१ च्या अंकात डब्ल्यू. युजीन स्मिथ यांची 'नर्स मिडवाइफ' ही माला छापून आली. नायिका मॉड कॅलन. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात पाइनव्हिल भागातली ही कृष्णवर्णीय परिचारिका म्हणजे तिथल्या गरीब वस्त्यांची दाई, डॉक्टर आणि शिक्षिका. वंशभेदाचे कायदे अजून लागू होते. दवाखाने दूर, रस्ते चिखलाचे.

या मालेत स्मिथ पोट टिपत नाहीत. वेणा सोसणाऱ्या तरुणीचा घामेजलेला चेहरा टिपतात, तिच्यावर वाकलेली मॉड टिपतात. भीती, थकवा, धीर हे सगळे त्या अंधाऱ्या खोलीत एकत्र नांदते. घर सजवलेले नाही, म्हणून ते घर वाटते. उर्दूत ज्याला 'सादगी' म्हणतात ती इथे आहे. पण स्मिथ भोळे होते असे कोणी समजू नये. १९५४ च्या श्वाइट्झर मालेत त्यांनी दोन निगेटिव्ह जोडून एक चित्र केले होते, हे प्रसिद्धच आहे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. त्या घराचा भरवसा मॉडवर होता, कॅमेऱ्यावर नव्हता. स्मिथ दाईच्या मागोमाग आत आले. त्यांना मिळालेला भरवसा उसना होता. वेणा चालू असताना दिलेला होकार हा होकार असतो का? ती पाने लाखो अनोळखी लोकांनी पाहिली. वाचकांनी पैसे पाठवले, त्यातून १९५३ मध्ये पाइनव्हिलला मॉडचा दवाखाना उभा राहिला. ही मोठी गोष्ट आहे. तरीही दवाखान्याने त्या प्रश्नाची परतफेड होत नाही. स्मिथ यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्यांनी त्या मुलीला केविलवाणी केले नाही. दुःख दाखवले, दया मागितली नाही.

आपल्याकडे सातव्या महिन्यात ओटी भरतात तेव्हा जुन्या बायका फोटोला हात आडवा करीत. नजर लागेल म्हणून. त्या 'नको'ला आम्ही मागासपणा म्हणणार नाही. त्यात पोटातल्या जिवाची काळजी होती. पण तो 'नको' सासूचा असे, सुनेचा क्वचितच. आज 'हो' म्हणणाराही बहुधा दुसराच असतो. नणंद पोशाख ठरवते, नवरा पैसे ठरवतो आणि संध्याकाळपर्यंत तसवीर दोनशे नातलगांच्या मोबाइलवर पोचते. पडदा गेला की राहिला, यावर घरात वाद होतो; जिचे पोट तिला कोणी विचारले का, यावर होत नाही.

स्मिथ यांच्यासारखा डोळा आपल्या घरी आला तर त्याने काय टिपावे? दप्तराला टेकून आईकडे पाहणारी थोरली मुलगी. सरकारी दवाखान्याचे कार्ड शोधताना कपाट उपसणारा बाप. सुजलेले पाय बादलीत सोडून बसलेली ती. आणि कॅमेरा उघडण्याआधी, वेणांच्या कितीतरी दिवस अगोदर, तिच्याशी एकटीशी बोलून घ्यावे: हे कोण पाहणार, तुला चालेल का?