नदीचं मनोगत आणि आपली सुखना

साहित्यातून मुलांमध्ये पर्यावरणाची जाणीव कशी रुजवायची, हा आजचा विषय. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, मराठी नव्हे. तेव्हा हे एका म्हाताऱ्या वाचकाचं म्हणणं समजून ऐका.

सुरुवात घरापासून करतो. माझी नात सातवीत आहे. मध्यंतरी ती ‘नदीचे मनोगत’ हा निबंध करत होती. लिहीत नव्हती बरं का, पाठ करत होती. डोंगरात जन्म, खळखळ वाहणं, मग माणसांनी टाकलेला कचरा आणि शेवटी ‘मला वाचवा’ अशी विनवणी. मी विचारलं, “ही नदी कोणती गं?” ती म्हणाली, “कोणती म्हणजे? निबंधातली, आजोबा.”

आम्ही राहतो चिकलठाण्यात. सुखना नदी इथूनच जाते. तिच्यात शहराचं सांडपाणी येतं, कारखान्यांचं पाणी येतं. पुलावरून जाताना हीच पोर नाकाला रुमाल लावते. पण निबंध लिहिताना तिला सुखना आठवली नाही. तिला वाटतं, नदी म्हणजे पुस्तकात असते ती. पुलाखाली असतो तो नाला.

माझी तक्रार इथे आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याची दिशा दाखवली. हेतू उत्तमच होता. पण आपण त्याचं काय केलं? झाडाचं आत्मवृत्त, नदीचं मनोगत, पृथ्वीचं पत्र. बोलणारं झाड कुठलं, वड की बाभूळ, ते कळत नाही. सगळी झाडं एकाच आवाजात रडतात आणि शेवटी मुलाला उपदेश करतात. शिवाय नदी घाण केली मोठ्यांनी आणि माफी मागायची सातवीतल्या पोरानं, हा कुठला न्याय?

आता तुम्ही म्हणाल, सर, निसर्गाला बोलकं करणं ही तर कवितेची जुनी रीत आहे. बरोबर. बालकवींची ‘फुलराणी’ घ्या. तिथेही कळीला मन आहे, तिचं लग्नसुद्धा लागतं. पण ती मुलाकडे काही मागत नाही. ती आपल्या आनंदात असते आणि मूल तिच्याकडे बघत राहतं. निबंधातली नदी मात्र बोलते ती फक्त आपल्याला सुनवायला. तिला स्वतःचं आयुष्यच नाही.

आयरिस मर्डॉक या तत्त्वज्ञ आणि कादंबरीकार बाईंच्या ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ (१९७०) या पुस्तकात एक साधा प्रसंग आहे. मन दुखावलंय, अपमान डाचतोय, आणि खिडकीबाहेर हवेत एका जागी तरंगणारा शिकारी पक्षी दिसतो. क्षणभर ‘मी’ नाहीसा होतो, उरतो फक्त पक्षी. नंतर पाहावं तर मघाचं दुःख लहान झालेलं असतं. बाईंचं म्हणणं असं, की नीट पाहणं हेच नैतिकतेचं काम आहे. मला हे पटतं. ज्याच्याकडे आपण कधी पाहिलंच नाही, त्याची काळजी कशी वाटणार?

असं पाहायला लावणारं लेखन मराठीत भरपूर आहे. ‘श्यामची आई’मधलं (१९३५) ‘मुकी फुले’ हे प्रकरण आठवा. पर्यावरण हा शब्द तिथे नाही. कळ्या तोडणारा एक मुलगा आहे आणि त्याला थांबवणारी आई आहे. उपदेश आहेच, साने गुरुजींकडे तो असणारच. पण तो त्या मुलाच्या हातातल्या कळ्यांबद्दल आहे, जगभरच्या फुलांबद्दल नाही. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६) चैत्रापासून एकेका महिन्यापाशी थांबतं. त्यातली दोन पानं आठवीच्या वर्गात वाचायला काय हरकत आहे? माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्या झगडतात, निसर्ग गोडगोजिरा नसतो, हेही मुलांना कळायला हवं. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पळसखेडचे ना. धों. महानोर! ‘रानातल्या कविता’ (१९६७) लिहिणारा हा माणूस शेतकरी होता. त्यांच्या रानाला गाव आहे.

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो: मुलांना घाण कशाला दाखवायची, ती निराश होतील. अहो, ती रोज बघतातच! आपण फक्त सांगतो की ते लिहायचं नाही, लिहायचं ते निर्मळ पाण्याबद्दल. म्हणजे पर्यावरणाच्या नावाखाली आपण त्यांना छान खोटं बोलायला शिकवतो. मला भीती याची वाटते. कचरा उचलता येतो हो. पण डोळ्यांना दिसलेलं कागदावर लिहायचं नाही, ही सवय लागली की ती सुटत नाही.

मी नातीला पुलावर घेऊन गेलो. रुमाल होताच. पंधरा मिनिटं थांबलो. काळ्या पाण्यात लांब लाल पायांचे पक्षी चालत होते. तिनं घरी येऊन पक्ष्यांच्या पुस्तकात शोधलं: शेकाट्या. मग निबंध पुन्हा लिहिला. फेस, वास, शेकाट्या, आणि शेवटी एक प्रश्न: यांना वास येत नाही का?

वही तपासून आली तेव्हा त्यावर शेरा होता, ‘मुद्द्यांना धरून लिहावे.’ गुण कमीच मिळाले. ती हिरमुसली. मी तिला म्हटलं, हा निबंध मला दे, जपून ठेवतो. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांना एवढीच विनंती: पुढच्या वेळी फळ्यावर ‘नदीचे मनोगत’ऐवजी तुमच्या गावच्या नदीचं नाव लिहून बघा. आधी वर्ग तिथे घेऊन जा, आणि जे येईल त्याला गुण द्या.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.