प्रवचनपीठ, बाक आणि मैदान : रग्बीच्या चॅपेलची वाङ्मयीन प्रतिमा

मॅथ्यू आर्नल्डची ‘रग्बी चॅपेल’ ही कविता पुत्राने पित्यास वाहिलेली श्रद्धांजली म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा नाही. परंतु कवीने शीर्षकात पित्याचे नाव न घालता एका वास्तूचे नाव का घातले, हा प्रश्न त्या वाचनात मागे पडतो. त्याचे उत्तर शोधावयाचे तर ती वास्तू त्या शाळेच्या जीवनात काय होती हे प्रथम पाहावयास हवे. तसेच, १८५७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या टॉमस ह्यूजच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या कादंबरीत ती कशी अवतरली आहे, हेही पाहावयास हवे.

डॉ. टॉमस आर्नल्ड १८२८ मध्ये रग्बीचे मुख्याध्यापक झाले. १८३१ मध्ये शाळेच्या चॅपेलमधील धर्मोपदेशकाचे पद रिकामे झाले, तेव्हा ते त्यांनी विश्वस्तांकडे स्वतःसाठी मागितले आणि त्याचे वेतन मात्र नाकारले. ही घटना वरवर प्रशासकीय दिसते. वस्तुतः त्यांच्या साऱ्या धर्मविचाराचे मर्म तीत आहे. धर्मसंस्था आणि समाज ही एकाच जीवनाची दोन नावे होत, पुरोहितांचा वेगळा वर्ग म्हणजे धर्मसंस्था नव्हे, ही त्यांची धारणा होती. १८३३ च्या पुस्तिकेत अँग्लिकन चर्चची दारे इतर प्रॉटेस्टंट पंथीयांस उघडावीत असे त्यांनी सुचविले ते याच धारणेने, आणि ऑक्सफर्डच्या न्यूमनप्रभृती मंडळींशी त्यांचे हाडवैर जडले तेही याच कारणाने. रग्बीचे चॅपेल हे त्यांच्या दृष्टीने शाळेला जोडलेले देवघर नव्हते. शाळाच तेथे आपले खरे रूप धारण करून बाकांवर बसत असे. रविवारी दुपारी सुमारे वीस मिनिटे चालणाऱ्या प्रवचनांत ते मुलांच्या रोजच्या पापांविषयी बोलत : खोटे बोलणे, दुबळ्यांस छळणे, आणि मुलांच्या आपसांतील लोकमताची ती दहशत, जिच्यापुढे चांगला मुलगाही मान तुकवितो.

येथे एक विसंगती उद्भवते. पुरोहित आणि गृहस्थ यांतील भिंत पाडावयास निघालेल्या या गृहस्थाने प्रत्यक्षात छडी, शाळेतून काढून टाकण्याचा अधिकार आणि प्रवचनपीठ ही तिन्ही एकाच हाती आणली. सोमवारी ज्याच्या खोलीत थरथरत उभे राहावयाचे, त्याच्याच तोंडून रविवारी ईश्वराचे शब्द ऐकावयाचे. मुलाने भ्यावे ते कोणाला, आणि भजावे ते कोणाला? डॉ. आर्नल्डांच्या हयातीत या प्रश्नाची धार जाणवली नसेल. त्यांच्या मृत्यूनंतर मात्र तो टाळता येईना.

ह्यूज स्वतः १८३४ ते १८४२ या काळात रग्बीचा विद्यार्थी. त्याची कादंबरी भाबडी आहे असे म्हणण्याची पद्धत आहे, पण चॅपेलच्या बाबतीत तो टीकाकारांस वाटतो त्याहून अधिक प्रामाणिक आहे. टॉमचा पहिला रविवार पाहावा. सकाळच्या उपासनेत तो सर्वांत खालच्या रांगेत बसलेला असतो. दारावरील ग्रीक वचनाचा अर्थ लावण्याची त्याची खटपट फसते. एका बाजूचा मुलगा समोरच्या ओक लाकडाच्या फळीवर आपले नाव कोरीत आहे आणि ते नीट उमटते की नाही याकडेच टॉमचे लक्ष. दुसऱ्या बाजूचा पेंगून त्याच्या अंगावर कलंडतो आहे. बाहेर पडताना आपण उपासनेस जाऊन आलो असे त्याला वाटतच नाही. दुपारी डॉक्टर प्रवचनपीठावर उभे राहतात आणि सारे पालटते. काय पालटते, हे ह्यूजच्या निवेदकाने नेमके सांगितले आहे. तीनशे मुलांना त्या प्रवचनातील निम्मेही कळत नसे. त्यांना कळे ते एवढेच की, उंच जागेवरून आज्ञा सोडणारा हा कोणी सेनापती नसून आपल्या शेजारी, आपल्या बाजूने लढणारा माणूस आहे. म्हणजे मुलाच्या मनात उरतो तो सिद्धान्त नव्हे, आवाज उरतो.

आणि त्या आवाजाने टॉम सुधारतो काय? नाही. पुढील कित्येक प्रकरणे तो उनाडच राहतो. त्याच्यात पालट होतो तो शयनगृहात. आर्थर नावाचा नाजूक प्रकृतीचा नवा मुलगा सर्वांदेखत गुडघे टेकून प्रार्थना करतो, कोणी त्याच्यावर सपाता फेकून मारतो, आणि टॉमला स्वतःच्या भित्रेपणाची लाज वाटते. सक्तीने जमलेल्या तीनशेंच्या प्रार्थनेहून एकट्याने धोका पत्करून केलेली ही प्रार्थना वजनदार ठरते. मात्र आर्थरला टॉमच्या हाती सोपविण्याची योजना डॉक्टरांचीच होती, हे शेवटी उघड होते. चॅपेलचा प्रभाव ह्यूज नाकारीत नाही. तो चॅपेलच्या बाहेरून, आडवाटेने फिरवून आणतो. कादंबरीकार म्हणून त्याची खरी समज या ठिकाणी दिसते.

शेवटचे प्रकरण १८४२ मधील. डॉ. आर्नल्ड १२ जून रोजी वारले आणि त्यांचे दफन चॅपेलमध्येच झाले. टॉम तेव्हा स्कॉटलंडात मित्रांसह मासेमारीत रमलेला; वृत्तपत्रातील क्रिकेटच्या बातम्यांच्या ओघात ही वार्ता त्याला कळते. तो रग्बीस येतो, म्हाताऱ्या सेवकाकडून किल्ली घेतो आणि रिकाम्या चॅपेलमध्ये प्रथम आपल्या सहाव्या इयत्तेतील मानाच्या जागेवर बसतो. मग तेथून उठून तो खालच्या बाकावर, पहिल्या रविवारच्या त्याच जागी येऊन बसतो. एवढ्या हालचालीत सर्व काही येऊन जाते. परंतु ह्यूजला तेवढ्यावर थांबवत नाही. वीरपूजेच्या पायरीवरूनच तरुण आत्मा वीरांच्या प्रभूपर्यंत पोहोचतो, असे तो समजावून सांगू लागतो. हे समजावणे अनाठायी आहे, आणि ते करावे लागले हेच सूचक आहे. टॉम वेदीपाशी गुडघे टेकतो खरा, पण त्या वेदीखाली त्याचा गुरू पुरलेला आहे. तो कोणापुढे वाकला, याचा निवाडा प्रसंगातून होत नाही. म्हणून तो निवेदकाला करावा लागतो.

आता कविता. तिच्यावर नोव्हेंबर १८५७ ही तिथी आहे आणि प्रकाशन १८६७ चे. ह्यूजच्या पुस्तकाचे जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने ‘एडिनबरो रिव्ह्यू’त केलेले परीक्षण आपल्याला या कवितेस प्रवृत्त करते झाले, असे कवीने पुढे आईला कळविले होते. (हाच स्टीफन पुढे हिंदुस्थान सरकारचा विधिसदस्य झाला, १८७२ चा पुराव्याचा कायदा त्याचाच.) वडील म्हणजे कोणी अरुंद दृष्टीचे, धांदलखोर धर्मवेडे अशी प्रतिमा त्या परीक्षणातून उभी राहते, असे मुलाला वाटले. परीक्षण मात्र जानेवारी १८५८ चे आहे. तेव्हा शीर्षकासोबतची तिथी रचनेची नसून कवितेतील त्या संध्याकाळची मानणे अधिक युक्त होय.

त्या संध्याकाळी कवी चॅपेलच्या बाहेर आहे. मैदानावर पिवळी पाने साचली आहेत, उशिरापर्यंत खेळणाऱ्या मुलांची एखादी हाक ऐकू येते. रस्त्यावर आणि शाळेच्या खिडक्यांत दिवे लागतात. चॅपेलच्या भिंती तेवढ्या थंड, गंभीर व दिव्यावाचून उभ्या राहतात. ह्यूजचा नायक किल्ली मागून आत जातो, कवी आत जात नाही. थोड्याच ओळींत तो चॅपेल सोडतो तो पुन्हा तिकडे फिरकत नाही. कविता बर्फाच्या वादळात सापडलेल्या पर्वतयात्रेकडे वळते, आणि स्वतः एकटे न तरता मागे पडलेल्यांना हात देणारा मेंढपाळ म्हणून पिता तेथे पुन्हा भेटतो. प्रवचनपीठावरील पुरुष असा डोंगरात आणून उभा केला आहे. ईश्वराचे नाव कवितेत आहे. पण उपासना नाही, शाळेचा समुदाय नाही. याच १८६७ च्या संग्रहात श्रद्धेच्या ओहोटीची ‘डोव्हर बीच’ ही कविताही आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे दिवा न लागलेल्या त्या भिंतींचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. पित्याचे नेतृत्व मुलाला हवे आहे. ज्या वास्तूत ते नेतृत्व घडले तिच्यात बसण्यास मात्र त्याच्याजवळ बाक उरलेला नाही. ह्यूजच्या भक्तीहून ही भक्ती कमी नाही, पण ती अधिक महाग पडलेली आहे.

लिटन स्ट्रेचीने १९१८ मध्ये ‘एमिनंट व्हिक्टोरियन्स’मध्ये डॉ. आर्नल्डांची जी थट्टा केली तिचा निष्कर्ष असा की, धर्मसुधारणेच्या खटाटोपातून अखेर निपजले ते खेळांचे आणि शिष्टाचाराचे स्तोम. थट्टा चुरचुरीत आहे, परंतु खेळांचे ते स्तोम डॉक्टरांच्या प्रवचनांपेक्षा ह्यूजच्या पानांतच अधिक आहे. शिष्याच्या पुस्तकाचे माप गुरूच्या पदरी घातल्याचा हा दोष होय. शेजारी लढणारा माणूस हे ह्यूजचे रूपक स्ट्रेचीने अधिक बारकाईने पाहावयास हवे होते. महायुद्ध चालू असता लिहिणाऱ्या लेखकाला ते सहज सुचण्याजोगे होते.

ह्यूजचा टॉम ज्या चॅपेलमध्ये बसला, आणि कवी ज्याच्या भिंतींबाहेर उभा राहिला, ते आज त्या रूपात नाही. १८७२ मध्ये विल्यम बटरफील्डच्या आराखड्यानुसार त्याची बहुतांश नवी उभारणी झाली. रग्बीचाच विद्यार्थी आणि १९१५ मध्ये युद्धावर जाताना वारलेला कवी रूपर्ट ब्रुक याचे संगमरवरी स्मारक त्या नव्या भिंतीवर आहे.