रेखीव चित्र आणि खरे चित्र

भीमाकाठच्या वडगाव रासाईचे उपग्रहचित्र वर्गात लावले, तर मुले आधी नदी ओळखतील. मग तांबडे पट्टे पाहून विचारतील, "ही झाडी की ऊस?" हिरवी पाने जवळचे अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतात आणि अशा चित्रांत त्या किरणांना तांबडा रंग देण्याची रीत आहे. त्यामुळे ऊसही तांबडा आणि काठची झाडीही तांबडी. फरक उरतो तो छटेचा. चित्र रेखीव करणाऱ्या पद्धती या छटेचे काय करतात, यावरूनच आम्ही त्यांची पारख करणार आहोत.

२८ डिसेंबर १९९५ रोजी सोडलेल्या आयआरएस-१सी या भारतीय उपग्रहावरील 'लिस-३' कॅमेरा रंग टिपत असे, पण त्याचा एक चित्रघटक जमिनीवर २३.५ मीटरचा होता. 'पॅन' कॅमेरा कृष्णधवल, पण त्याचा घटक ५.८ मीटरचा. म्हणजे रंगाच्या एका चौकोनात कृष्णधवल चित्राचे सुमारे १६ चौकोन! दोहोंचा मिलाफ करण्याची कल्पना ओघानेच आली.

'आयएचएस' पद्धत रंगचित्रातील उजळपणा काढून त्या जागी पॅनचे चित्र बसवते. 'ब्रोव्ही' पद्धत रंगांचे परस्पर प्रमाण राखते, पण उजळपणा पॅनकडूनच घेते. दोन्ही चित्रे डोळ्यांत भरतात. मात्र हा पॅन ०.५० ते ०.७५ मायक्रॉन तरंगलांबीचाच प्रकाश पाहत असे. लिस-३ चा अवरक्त पट्टा त्यापलीकडचा. अवरक्तात उजळ असलेले रान पॅनमध्ये काळपट दिसते. तो काळपटपणा मिलाफात उतरतो आणि रानाची छटा बदलते. तिसरी पद्धत पॅनमधील बारीक कडा तेवढ्या गाळून घेते व रंगचित्रात मिळवते. चित्र जरा कमी उठावदार होते, पण छटा बऱ्याच अंशी शाबूत राहते.

निवाडा डोळ्यांवर सोडू नये. ल्युसियाँ वाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेली कसोटी सोपी आहे : दोन्ही चित्रे चौपट भरड करा, त्यांचा मिलाफ करा आणि मूळ रंगचित्राशी ताडून पाहा. उत्तरपत्रिका आधीच हाती असते!

बांध, ओढा, पाऊलवाट शोधायची असेल, तर ब्रोव्ही खुशाल वापरावी. पण भीमेच्या उगमाकडचे भीमाशंकरचे रान असो की वडगावची काठची झाडी, क्षेत्र मोजायचे असेल तेव्हा छटा राखणारी पद्धतच हवी. नाहीतर उसाची गणना रानात होईल, आणि चित्र मात्र सुबक दिसेल. म्हणून शेवटी मुलांना नदीकाठी न्यावे आणि चित्रातील तांबडा पट्टा प्रत्यक्ष पाहावा.