बंडखोर सोबती आणि मैत्रीचे गुण

भूमिका घेऊन खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये आपल्याला सोबती मिळतात. आपण जसं वागू तशी त्यांची मर्जी कमीजास्त होते. आज आपण एवढंच पाहू, की सोबती बंडखोर असेल तर आपल्या नात्यामुळे त्याचं नशीब किती बदलतं?

बायोवेअर या कॅनडातल्या कंपनीचा ‘ड्रॅगन एज २’ घेऊ. साल २०११. त्या जगात जादूगारांना कोंडून ठेवतात आणि टेम्पलर नावाचे धर्मशिपाई त्यांच्यावर पहारा देतात. अँडर्स हा तिथून निसटलेला जादूगार. कर्कवॉल शहराच्या गरीब वस्तीत तो फुकट दवाखाना चालवतो. ‘जस्टिस’ नावाची एक शक्ती त्याच्यात शिरलेली आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर अंगात आलंय, पण उतरत नाही.

२००९ च्या पहिल्या भागात भेटवस्तू देऊन सोबत्याची मर्जी वाढवता येई. इथे मैत्री आणि विरोध अशी दोन टोकं आहेत. पण गंमत बघा, तुम्ही अँडर्सचे जिवलग व्हा, प्रियकर व्हा, नाहीतर पक्के विरोधक. शेवटी तो धर्मपीठाची इमारत उडवतोच. आपल्या हाती उरतो फक्त नंतरचा निवाडा: मारायचं, हाकलायचं की सोबत ठेवायचं?

बरेच खेळाडू इथे चिडतात. एवढं नातं जोडलं, त्याचा उपयोग काय? आमच्या मते हीच या गेमची खरी ताकद आहे. ज्याची निष्ठा गुणांनी विकत मिळते, तो बंडखोर कसला?

आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले. भाऊ शरीफजी तिथेच पडले. पुढच्याच वर्षी शहाजीराजे आदिलशाहीत गेले, मग परत निजामशाहीत आले. १६२९ मध्ये निजामशहाच्या दरबारात सासरे लखुजी जाधवराव मारले गेले आणि शहाजीराजे मोगलांकडे वळले. पुढे संगमनेरजवळच्या पेमगिरीवर निजामशाहीतल्या एका लहान मुलाला गादीवर बसवून त्यांनी मोगलांशीच झुंज मांडली. यात कुणा एकाची मर्जी मोजून काय कळणार? मागे घराणं आहे, रक्त आहे, जहागीर आहे, दरबाराची करणी आहे. माणूस एकाच नात्यात कधी नसतो.

गेम कमी पडतो तो इथेच. अँडर्सशी विरोध टोकाला नेला, तर त्याला टेम्पलरांच्या बाजूनेही लढायला राजी करता येतं. ज्यांच्यासाठी त्याने सारं पणाला लावलं, त्या जादूगारांविरुद्ध! म्हणजे पुन्हा सगळं नायकाच्या बोलण्यावर. अँडर्सच्या दवाखान्यातले रोगी, पळालेले जादूगार, यांचा त्याच्यावर काही हक्क नाही का? निवाड्याच्या वेळी त्यांना कुणी विचारत नाही.

एका ठिकाणी मात्र गेमला हे नेमकं उमगलंय. धर्मपीठाला मानणारा सेबॅस्टियन तुमच्या सोबत असेल आणि तुम्ही अँडर्सला जिवंत सोडलंत, तर तो तुम्हाला सोडून जातो, वर फौज घेऊन परत येण्याची शपथ घेतो. अँडर्सचा जीव वाचवायची किंमत दुसऱ्या सोबत्याच्या रूपाने मोजावी लागते. तिथे तुमचे मैत्रीचे गुण कामाला येत नाहीत. पुढच्या वेळी खेळाल तेव्हा तो आकडा बघण्याआधी एवढं बघा, की या सोबत्याचं तुमच्याशिवाय आणखी कुणाला देणं लागतं?