तोतया, सोफा आणि संमती

मंडळी, विषय कायद्याचा असला तरी मी वकील नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे कायदा माणसाच्या मनाबद्दल बोलू लागला की माझे कान टवकारतात.

आपण एक प्रसंग कल्पू. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातल्या दुकानदाराला एका नावाजलेल्या हॉटेलच्या लेटरहेडवर ऑर्डर येते. तो उधारीवर वीस सोफे पाठवतो. मागवणारा असतो तोतया. त्यातला एक सोफा तो बदलापूरला नवा संसार मांडलेल्या जोडप्याला रोखीनं विकतो आणि पसार होतो. महिन्याभरानं दुकानदार त्यांच्या दारात उभा: "माझा सोफा द्या." दोन्ही बाजू प्रामाणिक. मग नुकसान सोसायचं कुणी?

आपला करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम १३ सांगतं की दोघं एकाच गोष्टीवर एकाच अर्थानं सहमत झाले, की ती संमती. दुकानदाराच्या मनात हॉटेल होतं, तोतयाच्या मनात तो स्वतः. म्हणजे संमती नाही, करार मुळात झालाच नाही, सोफा दुकानदाराचा. पण कलम १९ वाचा. फसवून मिळवलेली संमती ही शेवटी संमतीच. फसलेला माणूस करार रद्द करू शकतो, पण तोवर करार उभा असतो. आणि १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम २९ म्हणतं की असा करार रद्द होण्याआधी ज्यानं काही ठाऊक नसताना प्रामाणिकपणे माल विकत घेतला, त्याची मालकी पक्की. म्हणजे सोफा जोडप्याचा! लबाडी एकच, दारं दोन.

पहिल्या दाराशी आपली पाठ्यपुस्तकं 'कंडी विरुद्ध लिंडसे' हा १८७८ चा इंग्लंडमधला निकाल ठेवतात. लंडनच्या वुड स्ट्रीटवर १२३ क्रमांकाला 'ब्लेंकिरॉन' ही पेढी होती. ब्लेंकार्न नावाच्या ठकानं त्याच रस्त्यावर ३७ क्रमांकाला खोली घेतली आणि सही 'ब्लेंकिरॉन' वाटावी अशी केली. बेलफास्टच्या लिंडसेनं माल धाडला. त्यातले रुमाल कंडीनं प्रामाणिकपणे विकत घेतले. न्यायालय म्हणालं, लिंडसेच्या मनात ब्लेंकार्न कधी नव्हताच, सबब करार नाही. भुर्दंड कंडीला.

माझा आक्षेप इथेच आहे. लिंडसेनं पार्सलवर नाव लिहिलं एकाचं आणि घर क्रमांक दुसऱ्याचा. त्याच्या मनात दोन माणसं नव्हतीच. एकच होता, आणि त्याच्याबद्दलची एक समजूत खोटी होती. १७७६ साली भाऊसाहेबांच्या तोतयाला कोकणात किल्ले मिळाले. ज्यांनी त्याला मुजरा केला, त्यांनी तो समोरच्या माणसाला केला की सदाशिवरावांना? दोन्ही उत्तरं खरी आहेत. मन इथे निवाडा देत नाही. न्यायाधीश आधी निवाडा करतो आणि मग तो फसलेल्याच्या मनात 'सापडला' म्हणून सांगतो.

यातून सुटायला इंग्लंडनं समोरासमोरचा व्यवहार आणि कागदावरचा व्यवहार अशी रेघ ओढली. १९७१ च्या 'लुईस विरुद्ध ॲव्हरे' खटल्यात ठकानं आपण नट रिचर्ड ग्रीन असल्याचं भासवून समोरासमोर मोटार घेतली. तिथे ती पुढच्या प्रामाणिक खरेदीदाराकडे राहिली. २००३ च्या 'शोगन फायनान्स' खटल्यात करार लेखी होता, तर खरेदीदार हरला. तेही तीन विरुद्ध दोन मतांनी. आता सांगा, जानेवारी २०२० पासून रिझर्व्ह बँक व्हिडिओवरून ग्राहकाची ओळख पटवू देते. ते समोरासमोर की कागदावर? ही रेघ आता पुसट झाली आहे.

माझ्या मते रेघ दुसरीकडे हवी: फसून दिलेलं आणि न देताच गेलेलं. समजा, अंबरनाथला तुमचा फ्लॅट आहे आणि कुणी तोतया 'मीच मालक' म्हणून तो विकतो. तुम्ही कुणाला काही दिलंच नाही. तिथे खरेदीदार कितीही भाबडा असो, फ्लॅट तुमचाच. कुणी तुमच्या नावावर परस्पर कर्ज काढलं, तरी तेच. म्हणून तर दस्तनोंदणीत फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. सोफ्याचा दुकानदार मात्र स्वतःच्या हातानं टेम्पो भरून देतो. हॉटेलला एक फोन करणं त्याच्या हातात होतं; बदलापूरच्या जोडप्याच्या हातात काय होतं?

तुम्ही म्हणाल, सर, दुकानदारही आपलाच, त्याचंही पोट आहे. खरं आहे. पण उधारीची जोखीम त्यानं नफ्यासाठी घेतली, त्या जोडप्यानं घेतली नव्हती. आणि जोडप्यानं निम्म्याहून कमी भावात, बिलाशिवाय सोफा उचलला असेल, तर त्यांचा प्रामाणिकपणा तपासा; कलम २९ मध्ये ती अट आहेच.

तेव्हा न्यायालयानं 'तुझ्या मनात कोण होतं?' हे विचारणं सोडावं. 'तू दिलंस का, आणि खात्री करणं कुणाला शक्य होतं?' हे विचारावं. या प्रश्नांची उत्तरं पुराव्यानं देता येतात.

इथे थांबतो. वकील मंडळींनी आता मला खोडून काढावं.