चंद्रावरून परतलेला अनुवाद : अवकाशविज्ञानप्रेरित कलेतील प्रामाण्याचा प्रश्न

अवकाशविज्ञानाच्या प्रेरणेतून निर्माण झालेल्या कलेचा विचार करताना समीक्षा बहुधा विषयापाशीच थांबते. चित्रात चंद्र आहे किंवा कवितेत अग्निबाण आहे, एवढ्यावरून कलाकृतीचे वर्गीकरण केले जाते. विज्ञानाने कलावंताला केवळ नवा विषय दिला, की कलाकृतीच्या घडणीतच काही पालट घडवून आणला, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकी अंतराळवीर ॲलन बीन यांची चित्रे आणि स्कॉटिश कलावती केटी पॅटर्सन यांची २००७ मधील ‘अर्थ–मून–अर्थ’ ही कलाकृती यांच्या तुलनेतून या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

बीन नोव्हेंबर १९६९ मध्ये ‘अपोलो १२’ मोहिमेतून चंद्रावर उतरले. चंद्रभूमीवर चालणारे ते चौथे मानव होत. १९८१ मध्ये ‘नासा’ सोडल्यानंतर २०१८ मधील निधनापर्यंत त्यांनी स्वतःला चित्रकलेला वाहून घेतले. चित्रफलकावरील जाड थरावर ते चंद्रावर वापरलेल्या हातोडीचे आणि चांद्रबुटांच्या तळव्यांचे ठसे उमटवीत. आपल्या अंतराळपोशाखावरील, चंद्रधूळ लागलेल्या कापडी बोधचिन्हांचे सूक्ष्म तुकडेही ते चित्रात मिसळीत. मात्र ज्या भूमीचा करडेपणा त्यांनी प्रत्यक्ष पाहिला होता, तिला ते मोनेच्या प्रभावाखाली जांभळ्या-नारिंगी छटा देत. या चित्रांत धूळ घटनेची साक्ष देते, तर रंग अनुभवाची. परंतु ती धूळ प्रेक्षकाला धूळ म्हणून ओळखू येत नाही. ती तेथे आहे हे त्याला सांगावे लागते. म्हणजेच चित्राचे प्रामाण्य चित्रात नसून चित्रकाराच्या चरित्रात आहे. या अर्थाने बीन यांची चित्रे आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराला अधिक जवळची ठरतात.

पॅटर्सन यांच्यापाशी असे साक्षीचे भांडवल नाही. त्यांनी बेथोव्हेनच्या १८०१ मधील ‘मूनलाइट’ सोनाटाचे मोर्स संकेतात रूपांतर करून ते संकेत रेडिओलहरींद्वारे चंद्राकडे पाठविले. सरासरी ३,८४,४०० किलोमीटरचे अंतर दोनदा पार करून, सुमारे अडीच सेकंदांनी, चंद्रपृष्ठावरून परावर्तित झालेले संकेत पृथ्वीवर परतले. खाचखळग्यांच्या त्या पृष्ठभागामुळे त्यांतील काही अंश हरवला. परतलेल्या संकेतांचे पुन्हा स्वरलेखन करण्यात आले, आणि प्रदर्शनात एक स्वयंचलित पियानो ही खंडित रचना वाजवतो. हरवलेल्या स्वरांच्या जागी उरते ती शांतता.

‘अनुवाद’ या शब्दाचा मूळ अर्थ मागाहून बोलणे, पुन्हा उच्चारणे असा आहे. ‘भाषांतर’ म्हटले की दोन भाषांमधील अंतर डोळ्यांपुढे येते. ‘अनुवाद’ या शब्दात मात्र आधीच्या उच्चाराचा पडसाद आहे. पॅटर्सन यांची कृती या अर्थाने शब्दशः अनुवाद आहे. चंद्र हा तिचा विषय नसून अनुवादक आहे. येथे विज्ञानाची कार्यपद्धतीच कलाकृतीचा घाट ठरवते. मूळ संहितेचा उगमही या संदर्भात बोलका आहे. ‘मूनलाइट’ हे नाव बेथोव्हेनने दिलेले नाही. त्याच्या मृत्यूनंतर लुडविग रेल्श्टाब या समीक्षकाच्या उपमेवरून ते रूढ झाले. समीक्षकाने सोनाटावर आरोपिलेला चंद्र येथे प्रत्यक्ष चंद्राशी जोडला जातो.

तरीही या कलाकृतीची मर्यादा नोंदविणे अगत्याचे आहे. चंद्रावरून रेडिओलहरी परत मिळविण्याचे तंत्र प्रथम सिद्ध झाले ते जानेवारी १९४६ मध्ये, अमेरिकी सैन्याच्या ‘प्रोजेक्ट डायना’ या प्रयोगात. या लष्करी वंशावळीचा मागमूसही सोनाटाच्या स्वरांत ऐकू येत नाही. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. गाळलेली जागा ‘गाळलेली’ म्हणून ऐकू येण्यासाठी मूळ रचना श्रोत्याच्या स्मरणात असावी लागते. ज्या श्रोत्याचा कान ख्याल किंवा नाट्यगीत यांवर घडला आहे, सोनाटावर नाही, त्याला येथील शांतता हा केवळ विराम वाटेल. हानीची जाणीव त्याला होणार नाही. बीन यांच्या धुळीप्रमाणे हे मौनही मग त्याला समजावून सांगावे लागेल.

अवकाश सर्व मानवजातीचे आहे, असे अवकाशविषयक कला वारंवार सुचविते. उपरोक्त दोन उदाहरणे या दाव्याला मुरड घालतात. चंद्रपृष्ठाला संस्कृती नाही, पण तेथून परतणाऱ्या प्रतिध्वनीला आहे. कारण तो ऐकणारा कान विशिष्ट परंपरेत घडलेला असतो. म्हणूनच या कलेचे मूल्यमापन तिने कापलेल्या अंतरावरून किंवा तिच्यातील वैज्ञानिक सामग्रीवरून करता येणार नाही. काय हरवले हे कोणाला कळू शकते आणि कोणाला नाही, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाने अनुवादित कवितेपुढे ठेवला आहे. चंद्रावरून परतलेल्या सोनाटापुढेही तोच ठेवावा लागेल.