एमपी३ची झाडाझडती

शाळेतील गाणी, कविता, मुलाखती संगणकावर साठवायच्या तर कोणत्या स्वरूपात, असे विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते : ‘एमपी३ करा आणि ३२०वर ठेवा.’ हा सल्ला निम्मा बरोबर आहे. उरलेल्या निम्म्याची किंमत आम्ही मोजली आहे.

आमच्याकडे जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट होती. जागा वाचावी म्हणून तिची ६४ किलोबिटची एमपी३ फाइल केली आणि कॅसेट टाकून दिली. आज ती फाइल लावली की आजीबाईंचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो, ‘स’ आणि ‘श’ फिसकटतात, जात्याची घरघर तर ओळखूच येत नाही. पुढे कुणी सुचवले म्हणून तीच फाइल ३२०वर रूपांतरित केली. फाइल पाचपट झाली, आवाज होता तसाच राहिला. (खरे तर किंचित बिघडलाच असणार.)

असे का व्हावे? सीडीवर दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात, प्रत्येकी १६ बिटांचे, आणि वाहिन्या दोन. गुणाकार फळ्यावर करून पाहावा : सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट. १२८ किलोबिटची एमपी३ फाइल हेच काम अकराव्या हिश्शात भागवते. कसे? मोठ्या आवाजाच्या जवळच्या वारंवारतेचा लहान आवाज आपल्याला ऐकू येत नाही. तो गाळला किंवा ढोबळपणे नोंदवला तरी चालते. कल्पना सुंदर आहे, आणि एमपी३ला सरसकट नावे ठेवणाऱ्यांत आम्ही नाही.

पण झाकायला दुसरा आवाजच नसेल तर? जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी ही पद्धत घडवताना सुझान वेगा यांच्या ‘टॉम्स डायनर’ या साथीविना गायलेल्या गाण्यावर ती तपासली, तेव्हा सुरुवातीला आवाज विद्रूप उमटला होता. एकट्या गळ्यात प्रत्येक उणीव उघडी पडते, आणि ओवीही एकट्या गळ्याचीच. दुसरी अडचण अचानक उठणाऱ्या नादाची. एमपी३ ध्वनीचे सुमारे २६ मिलिसेकंदांचे तुकडे पाडते. ढोबळ नोंदीतून आलेली खरखर तुकडाभर पसरते आणि तबल्याच्या थापेआधीच तिची कुजबुज ऐकू येते. यावर आखूड तुकड्यांचा उपाय केलेला आहे, पण बिट कमी असले की तो पुरत नाही.

३२०वर मात्र हे दोष बहुतेकांना जाणवत नाहीत. विश्वास नसेल तर वर्गात परीक्षा घ्यावी. मूळ ध्वनी आणि एमपी३, कोणता कोणता हे न सांगता दहा वेळा ऐकवावे. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४त ११, म्हणजे सुमारे एक टक्का. या परीक्षेत आमचे कान १९२वरच हरले. तेव्हा केवळ ऐकण्यासाठी ३२०सुद्धा चैनच.

याउलट २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या ‘उच्च दर्जा’च्या जाहिराती आम्हाला पटत नाहीत. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत पोहोचतो. ४४,१०० नमुन्यांत २२,०५० हर्ट्झपर्यंतचे सारे मावते. १६ बिटांचा आवाका सुमारे ९६ डेसिबल, तर साध्या कॅसेटचा ५०-६०. ध्वनिमुद्रण करताना पातळी चुकली तर २४ बिट उपयोगी पडतात, एवढे खरे. ऐकताना मात्र तासाला चार गिगाबाइट कशासाठी?

जपून ठेवायची प्रत वेगळी. २००१ साली आलेले फ्लॅक हे स्वरूप एकही बिट न गाळता फाइल साधारण निम्म्या ते दोन तृतीयांशापर्यंत आणते आणि ते विनामूल्य आहे. त्यातून हवी तेव्हा, हव्या त्या आकाराची एमपी३ काढता येते. एमपी३तून मूळ ध्वनी काढता येत नाही.

उरलेल्या सात कॅसेटी आम्ही आता फ्लॅकमध्ये घेतल्या आहेत, दोन वेगवेगळ्या डिस्कवर. मुलांच्या मोबाइलसाठी त्यांच्याच १२८च्या प्रती काढून दिल्या. कॅसेटी कपाटातच आहेत.